सासूबाईंची भाषा आणि दोन साडू

माझ्या सासूबाई सोफे आणि खुर्च्या भरतात. नवीन करत नाहीत, जुन्याच नीट करतात. ज्या खुर्चीची बैठक खचली आहे, ज्या सोफ्याची स्प्रिंग कापडातून डोकं वर काढू लागली आहे, ते सगळं त्यांच्या गाळ्यात येतं. गाळा इतका अरुंद, की आत जायचं तर आधी एखादी खुर्ची बाहेर काढावी लागते. सासूबाई मधोमध बुटक्या स्टुलावर बसतात, जुनं कापड सोलतात, गंजलेले खिळे पकडीने उपटतात, नवी नवार ताणून ठोकतात, काथ्या पिंजून भरतात. शेवटी कापड शिवताना वाकडं दाभण असं फिरवतात, की बघणाऱ्याचेच डोळे फिरावेत. खिळे तोंडात धरायची त्यांची सवय आहे. माझी बायको म्हणते, तोंडात खिळे असले की आई जास्त गोड बोलते.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्याकडे कामाची गाडी असते, म्हणून लग्न झाल्यापासून सासूबाईंच्या खुर्च्यांची ने-आण माझ्याच गळ्यात पडली. त्यामुळे पुढे जे झालं, ते बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत झालं.

सासूबाई मूळच्या इथल्या नाहीत. त्या लग्न होऊन सासऱ्यांबरोबर इथे आल्या, लांबच्या एका डोंगरातल्या गावाहून. त्या गावात आता कोणी राहत नाही. आधी तरणी माणसं कामासाठी बाहेर पडली, मग लढाई आली, मग म्हातारेही निघाले. गावाची स्वतःची एक बोली होती. आम्ही घरात तिला नुसतं 'गावची भाषा' म्हणायचो. सासरे दुसऱ्या मुलखातले, त्यांना ती येत नव्हती. सासूबाई ती फक्त आपल्या थोरल्या बहिणीशी बोलायच्या. ती याच शहरात पलीकडच्या वस्तीत राहायची. दोघी फोनवर बोलायला लागल्या की सासरे चपला घालून फिरायला निघून जायचे म्हणे, आणि परत यायचे तेव्हाही बोलणं चालूच असायचं. सासरे गेले, मग आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ती बहीणही गेली. त्यानंतर ती भाषा उरली फक्त टाके मोजायला आणि अडून बसलेल्या स्प्रिंगला शिव्या घालायला.

माझ्या बायकोला त्या भाषेतले आकडे येतात, 'इकडे ये' येतं आणि एक शिवी येते. मी एकदा सासूबाईंना विचारलं होतं, "हिला का नाही शिकवलीत?"

"शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरात दोन भाषा बोललात तर पोर दोन्हीकडे कच्ची राहील," सासूबाई म्हणाल्या. "बाई शिकलेल्या होत्या. मी म्हटलं, असेल."

एवढं सांगितलं की पुढची गोष्ट कळायला काही अडचण नाही.

आमच्या घराजवळच्या चर्चच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा वाचनमंडळ भरतं. खुर्च्या जुन्या, लाकूड भक्कम, पण बैठकी पार गेलेल्या. पाळकांनी ते काम सासूबाईंना दिलं. सगळ्या खुर्च्या एकदम गाळ्यात नेणं शक्य नव्हतं, म्हणून सासूबाईच हत्यारं घेऊन तिकडे जायच्या आणि खोलीच्या कोपऱ्यात बसून काम करायच्या. मंडळाच्या दिवशीही त्यांचं काम थांबायचं नाही. हातोडी तेवढी बाजूला ठेवायच्या आणि सुईचं काम घ्यायच्या, खिळे मात्र सवयीने तोंडातच.

त्या मंडळात दोन साडू होते. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरले साडू म्हणजे सर. उभं आयुष्य कॉलेजात जुनी ग्रीक शिकवून निवृत्त झालेले, किडकिडीत, बोलताना चष्म्याची काडी चावणारे. धाकटे म्हणजे औषधवाले. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान त्यांचं. गोल चेहऱ्याचा, मनमोकळा, देवभोळा माणूस. उधारी द्यायला कधी नाही म्हणणार नाही आणि वादात कधी हो म्हणणार नाही. या दोघांचा एक वाद बरीच वर्षं चालला होता: शुभवर्तमानं मुळात कुठल्या भाषेत लिहिली गेली? सर म्हणायचे, ग्रीक. येशू आणि त्याचे शिष्य अरामी बोलत, हे खरं. पण लिहिणाऱ्यांना ती गोष्ट शहराशहरांत पोचवायची होती आणि शहरांत ग्रीक चालायची. औषधवाले म्हणायचे, छे. प्रभू अरामी बोलला, शिष्य अरामी बोलले, तर लिहिणारे ग्रीकमध्ये कशाला लिहितील? मूळ अरामीच, ग्रीक हे भाषांतर. बाकीचे लोक हा वाद सुरू झाला की चहा ओतून घ्यायचे.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना न्यायला गेलो आणि दाराशी थांबलो. वाद एका गोष्टीवर आला होता. एका घरात लहान मुलगी मेली म्हणून सगळे रडत असतात. येशू तिचा हात धरतो आणि तिला म्हणतो, 'तलीथा कूम'. लगेच पुढे पुस्तकच सांगतं, याचा अर्थ, मुली, ऊठ.

"आता मला सांग," सर औषधवाल्यांना म्हणाले, "पुस्तक अरामीत लिहिलं असतं, तर अर्थ कुणाला सांगताहेत? आपण आपल्याच माणसाला 'पाणी, म्हणजे पाणी' असं सांगतो का?"

"जुन्या अरामी प्रतीत अर्थ दिलेलाच नाही!" औषधवाले उसळले. "तिथे नुसतं 'तलीथा कूमी' आहे आणि पुढे सरळ गोष्ट. तेच मूळ. अर्थ ग्रीकवाल्यांनी मागाहून घुसडला, त्यांच्या लोकांना कळावा म्हणून."

"किंवा अरामीत उतरवणाऱ्याने तो गाळला, त्याच्या लोकांना नको होता म्हणून. या एका ओळीवरून दोन्ही म्हणता येतं."

"तुम्हाला सगळं दोन्ही म्हणता येतं. 'तलीथा कूमी' यात तुम्हाला मूळ आवाज ऐकू येत नाही?"

"कूमी नाही. कूम." हे कोपऱ्यातून आलं.

सगळे वळले. सासूबाई एक खुर्ची उलटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तोंडातले खिळे तळहातावर काढले. "माफ करा, मधे बोलले. आमच्या गावी ऊठ म्हणायला कूम म्हणतात. पोरालाही आणि पोरीलाही."

"तुमच्या गावी म्हणजे कुठे?" औषधवाल्यांनी विचारलं. सासूबाईंनी डोंगराचं नाव सांगितलं. त्या डोंगरांत अरामीच्या बोली टिकून आहेत, हे औषधवाल्यांनी वाचलेलं होतं; ते हळूच खाली बसले.

सरांचा चेहराही उजळला होता, पण वेगळ्या कारणाने. "जुन्या ग्रीक हस्तलिखितांत दोन्ही सापडतं," ते भराभर म्हणाले. "काहींत कूम, काहींत कूमी. व्याकरणाने मुलीला कूमी हवं. पण बोलताना शेवटची ई गळत असावी असं मानतात. आणि या बाई म्हणताहेत की त्यांच्याकडे गळते! याने सिद्ध काहीच होत नाही हं. पण काय मजा आहे!"

"आणि तलीथा?" औषधवाल्यांनी विचारलं.

"ते काय असतं?"

"मुलगी."

"मुलीला आम्ही ब्राता म्हणतो."

औषधवाल्यांनी कूम ऐकलं. ब्राता त्यांच्या कानांपर्यंत पोचलंच नाही.

त्या दिवसापासून सासूबाईंचे दिवस पालटले. औषधवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, हातच्या कांकणाला आरसा कशाला? आपल्या गल्लीतच प्रभूची भाषा बोलणारी बाई बसली आहे. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस औषधाबरोबर ही बातमीही घेऊन जायचा. हळूहळू गाळ्याशी लोक थांबू लागले. कोणी म्हणे, काहीतरी बोलून दाखवा. कोणी फोन पुढे करून आवाज भरून घ्यायचं. एका बाईने कडेवरचं पोर पुढे केलं आणि म्हणाली, याच्या डोक्यावर हात ठेवून दोन शब्द बोला. काही लोक तर धडधाकट खुर्च्या दुरुस्तीला घेऊन यायचे, नुसतं बोलायला निमित्त म्हणून. सासूबाई खुर्ची दाबून बघायच्या आणि परत पाठवायच्या. तेवढा त्यांचा धंद्याचा धर्म शाबूत होता.

बाकी त्यांना हे सगळं आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी निळा कोट घेतला. केस नीट कापून घेतले. गाळ्याच्या दारात स्वतः एक चांगली खुर्ची मांडून ठेवली, पाहुण्यांसाठी.

"आई बिघडली," बायको मला म्हणाली, पण आईला ऐकू जाईल अशा बेताने.

सासूबाईंनी सुई थांबवली. "आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे पाठ टेकायच्या वस्तू आणल्या," त्या म्हणाल्या. "आता माझ्याकडे तोंड करून उभे राहतात, तर तुला का खुपतं?"

खुपत होतं ते वेगळंच होतं, ते बायकोने मला घरी आल्यावर सांगितलं. परक्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून आई ज्या भाषेत बोलली, तिच्यातली चार वाक्यंही तिने स्वतःच्या पोरीला दिली नव्हती.

मग एक बस चालवणारी बाई आली. तिचे वडील हॉस्पिटलात होते, आता घरी येतील अशी आशा नव्हती. म्हातारा चर्चचा माणूस. मुलीने त्याला सासूबाईंबद्दल सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, एकदा ती भाषा कानावर पडली तर बरं होईल. सासूबाईंना नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो.

खोलीत दोन खाटा होत्या, एक रिकामी. म्हातारा डोळे मिटून पडला होता. सासूबाईंनी कोट काढून घडी करून मांडीवर घेतला, त्याचा हात हातात घेतला आणि थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग बोलू लागल्या. हळू, एका सुरात, मधे थांबत, पुन्हा सुरू करत. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण मीसुद्धा भिंतीला टेकून ऐकत राहिलो. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, आणि मग त्याला शांत झोप लागली. बस चालवणारी बाई आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आली. तिने सासूबाईंना मिठी मारली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय बोललात?"

"शेळ्या," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"आमच्या शेळ्यांची नावं. कुठली कुणाची पोर, कुठली दुसरीचं दूध चोरायची. मग पावसाआधी छप्पर कसं लिंपायचं ते सांगितलं. मला प्रार्थना येतेच कुठे आमच्या भाषेत? आमच्याकडे पाद्री जुन्या भाषेत म्हणायचा आणि आम्ही आमेन म्हणायचो." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्याला वाटलं, मी देवाचं काहीतरी म्हणतेय. जावईबुवा, हे पाप की काय?"

"झोप लागली ना त्यांना?"

"लागली."

"मग झालं तर."

"झालं कसं? लिफ्ट वर गेली म्हणजे दुरुस्त झाली, असं असतं का तुमच्यात?"

म्हातारा चार-पाच दिवसांनी गेला.

एवढ्यात औषधवाल्यांनी चर्चच्या मोठ्या हॉलमध्ये सभा ठरवली. दारावर कागद लागला: 'प्रभूची भाषा: एक जिवंत साक्ष'. बेत असा होता, की जुन्या अरामी शुभवर्तमानाच्या वाचनाची ध्वनिफीत लावायची आणि सासूबाईंनी ते ऐकून अर्थ सांगायचा. सरांनी पाळकांना आधीच सांगितलं होतं की हे काही बरं होणार नाही. पण साडूच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे औषधवाल्यांचं जुनं धोरण.

हॉल भरला. निळा कोट घालून सासूबाई पुढे बसल्या. औषधवाल्यांनी चार शब्द सांगितले आणि बटण दाबलं. एक भारदस्त पुरुषी आवाज लांब सुरात वाचू लागला. सगळे सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते. मी बायकोशेजारी बसलो होतो. मला सासूबाईंचे हात दिसत होते. त्या कोटाच्या कडेवरची शिवण नखाने चाचपत होत्या.

आवाज थांबला. औषधवाले हसून म्हणाले, "सांगा."

सासूबाई काही बोलल्या नाहीत.

"सावकाश लावतो," औषधवाले म्हणाले आणि त्यांनी पुन्हा लावलं.

"पाणी," सासूबाई म्हणाल्या. "मग कोणीतरी आलं. मग..." त्या थांबल्या. "आकाश, बहुतेक. पुन्हा पाणी." आवाज वाचत होता. "नाही कळत," त्या म्हणाल्या. "अधूनमधून एखादा शब्द येतो, ओळखीचा वाटतो, तोवर पुढे निघून जातो."

मागे कोणीतरी हसलं. वाईट हेतूने नसेल, पण हसलं.

सर उठले. त्यांनी जे सांगितलं ते नीट सांगितलं, तेही खरं आहे. म्हणाले, यात बाईंचं काही चुकलं नाही. अरामी ही एक भाषा नाही, ते मोठं कुटुंब आहे. आपण जे ऐकलं ती एका शाखेची जुनी लिखित भाषा. ती येशूच्या गावची बोली नव्हे, तिची चुलत बहीण. आणि बाईंची बोली ही दुसऱ्या एखाद्या बहिणीची पणती, तिच्याही पुढची. पणतीला पणजीच्या चुलत बहिणीचं बोलणं कळलं नाही, तर नवल काय? इथेच ते थांबले असते तर बरं होतं. पण बरीच वर्षं साठलेला वाद. ते पुढे म्हणाले, "म्हणून तर मी पहिल्यापासून सांगत होतो, यांना पुढे करून काही सिद्ध होत नाही."

"त्या दिवशी कूम म्हणाल्या तेव्हा तुम्हीच टाळ्या पिटल्यात!" औषधवाले ओरडले. "तेव्हा त्या चालल्या तुम्हाला!"

"मी तेव्हाच म्हटलं होतं, याने सिद्ध काही होत नाही!"

"तुम्हाला काही सिद्ध व्हायलाच नकोय!"

दोघे समोरासमोर उभे राहिले, मधे खुर्चीवर सासूबाई. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं. सासूबाईंनी शांतपणे पिशवी उचलली आणि उभ्या राहिल्या.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "पुस्तक कुठल्या भाषेत लिहिलं, ते मला माहीत नाही. आमच्या घरात पुस्तकच नव्हतं."

मग त्या सरळ दाराकडे न जाता उजवीकडच्या रांगेत वळल्या. तिथे बस चालवणारी बाई बसली होती. सासूबाई तिच्याजवळ वाकल्या. "तुमच्या वडिलांपाशी मी प्रार्थना म्हटली नाही," त्या म्हणाल्या. "मला येत नाही. मी आमच्या शेळ्यांबद्दल बोलत होते. तुम्ही गैरसमजात राहू नये म्हणून सांगितलं."

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. "हे मला सांगायची काही गरज नव्हती," ती म्हणाली आणि उठून निघून गेली. आजही तिची बस रस्त्यात दिसली की सासूबाई दुसऱ्या बाजूने चालू लागतात. खरं सांगून त्यांचं मन हलकं झालं असेल. तिचं ओझं वाढलं, हे त्यांना कळतं. यातून काही मार्ग निघाला नाही.

घरी जाताना गाडीत बायको आईचा हात धरून बसली होती. मग सासूबाई म्हणाल्या, "लहानपणी चर्चमध्ये पाद्री म्हणायचा त्यातलं काही कळायचं नाही. आई म्हणायची, मोठी झालीस की कळेल. मला अजून वाटत होतं, कळेल म्हणून."

गाळ्यासमोरची गर्दी आली तशी गेली. दारातली चांगली खुर्ची सासूबाईंनी आत घेतली आणि विकून टाकली. निळा कोट कपाटात गेला. काम पूर्वीसारखं चालू होतं, पण काहीतरी कमी झालं होतं, ते आधी बायकोच्या लक्षात आलं. ती एका दुपारी डबा द्यायला गेली होती. रात्री जेवताना मला म्हणाली, "आई टाके इथल्या भाषेत मोजतेय."

"मग?"

"तिने कधीच इथल्या भाषेत मोजले नाहीत. आणि स्प्रिंग हातातून निसटून बोटाला लागली, तर नुसतं 'अरे देवा' म्हणाली."

मी लिफ्टची कामं करताना एक शिकलोय. खडखडाट करणारी लिफ्ट परवडते. आवाज एकदम बंद झाला की बघायला हवं. पण बघायचं काय, ते दोघांनाही सुचेना. बायकोने एकदा म्हटलं, मला शिकव. सासूबाई म्हणाल्या, "कशाला? बोलणार कुणाशी? माझ्याशी? मी किती दिवस?" आणि विषय मिटला.

औषधवाले कित्येक आठवडे तिकडे फिरकले नाहीत. दोन साडूंमधलं बोलणंही बंद होतं; बहिणी-बहिणींनी मिळून एका वाढदिवसाला दोघांना शेजारी बसवलं, तेव्हा कुठे ते पुन्हा भांडू लागले. आणि मग एका सकाळी, मी गाडीत सोफा चढवत असताना, औषधवाले गाळ्याशी आले. हातात गुडघेदुखीच्या मलमाच्या दोन नळ्या.

"मावशी, हे घ्या. पैसे नकोत," ते म्हणाले. "तुम्हाला तिथे बसवायला नको होतं. मला वाटलं होतं तसं व्हावं, म्हणून मी बसवलं. चूक माझी."

सासूबाईंनी नळ्या घेतल्या आणि बघून म्हणाल्या, "हे मलम मला चालत नाही. दुसरं द्या."

औषधवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मग ते घुटमळले. "आणखी एक. तुम्ही इथे बोलायचात तेव्हा मी आवाज भरून घेतला होता. तो मी आमच्या बायबल अभ्यासगटातल्या लोकांना पाठवला होता. त्यातल्या एकाने तो आणखी कुणाला ऐकवला. दुसऱ्या शहरात एक बाई आहेत, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या, आता निवृत्त. त्यांनी ऐकलं. त्या म्हणतात..."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, ही बाई खालच्या गावची आहे, आणि चुकीचं बोलते."

सासूबाईंच्या हातातलं दाभण थांबलं. "खालच्या गावची," त्या म्हणाल्या. "असं म्हणाली? खालच्या?" त्या उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे ही वरच्या गावची! आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं ते. नाकाने बोलणारी माणसं! कुठे आहे तिचा नंबर?"

फोन माझ्याच फोनवरून लावला. पलीकडे घंटी वाजली, कोणीतरी उचलला. सासूबाईंनी एक वाक्य टाकलं. पलीकडून एक वाक्य आलं. सासूबाईंनी हात मागे नेऊन चाचपडत स्टूल शोधलं आणि त्यावर बसल्या. पुढची काही मिनिटं त्या फक्त ऐकत होत्या, मधेच हूं म्हणत होत्या, आणि गाल कोरडे करायचं त्यांना सुचत नव्हतं. औषधवाले उगाच खुर्चीचं कापड निरखत राहिले. मी सोफ्याला दोरी बांधत राहिलो, आधी बांधलेलीच पुन्हा.

मग आवाज चढले. सासूबाई हात नाचवू लागल्या. पलीकडची बाईही कमी नव्हती, तिचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. औषधवाले घाबरून म्हणाले, "बंद करू या का?" सासूबाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"दाभणाला भलताच शब्द वापरते," त्या मला म्हणाल्या. "वर म्हणते, मूळ भाषा त्यांची, आम्ही खाली राहून ती बिघडवली. मूळ भाषा! आमचं चर्च आधी बांधलं, मग त्यांचं. उद्या सांगते तिला." आणि मलमाच्या नळ्या औषधवाल्यांच्या हातात परत कोंबून म्हणाल्या, "दुसरं मलम आणाल ते जरा जास्त आणा. फोन धरून हातही दुखणार आता."

त्यानंतर ते बोलणं थांबलेलं नाही. वरच्या गावची बाई सासूबाईंपेक्षा थोडी मोठी, नवरा नाही, मुलगा लांब. तीही आपली भाषा बऱ्याच वर्षांत कुणाशी बोलली नव्हती. दोघींचं प्रत्येक शब्दावरून भांडण. सासूबाई 'ओढा' म्हणतील तर ती हसणार, ती 'शिडी' म्हणेल तर या कपाळाला हात लावणार. सरांना हे कळलं, तेव्हा त्यांना हसता हसता ठसका लागला. "म्हणजे मूळ कुठलं हा वाद खुद्द त्या भाषेतही चालू आहे तर!" ते म्हणाले. ते कधी कधी गाळ्यात येऊन बसतात आणि परवानगी घेऊन ऐकतात. औषधवालेही येतात. दोघांचा स्वतःचा वाद आहे तिथेच आहे. सर अजून ग्रीकच म्हणतात, औषधवाले अजून अरामीच म्हणतात. फक्त सासूबाईंना त्यात कोणी ओढत नाही, आणि कोणी ओढलंच तर त्या म्हणतात, "मी खुर्च्या भरते. बसा आणि भांडा."

यंदा उन्हाळ्यात वरच्या गावची बाई आठ दिवस राहायला आली. मी तिला स्टेशनवरून आणलं. बारीक, काळा चष्मा, हातात भली मोठी बॅग. दारात दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, त्या मी बॅग वर ठेवून परत आलो तरी तशाच. तिसऱ्या दिवशी दोघी बोलेनाशा झाल्या. कशावरून, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी पाहुणी गाळ्यात काथ्या पिंजत बसली होती आणि सासूबाई तिला कसा पिंजू नये ते सांगत होत्या.

जायच्या आदल्या संध्याकाळी बायकोने चहा केला. ती गेले काही महिने आईला न सांगता फोनवरचं बोलणं कान देऊन ऐकत होती, हे मला माहीत होतं. ट्रे खाली ठेवताना ती त्यांच्या भाषेत म्हणाली, "चहा गार होतोय." पूर्ण वाक्य. सासूबाई आणि पाहुणी दोघीही चमकून तिच्याकडे बघू लागल्या.

मग सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. फक्त शेवटचा शब्द असा नाही, असा." आणि त्यांनी तो म्हणून दाखवला.

"काहीतरीच," पाहुणी म्हणाली. "पोरीने म्हटला तोच बरोबर. हिला बिघडवू नकोस."

"मी बिघडवतेय? माझी पोर आहे ती!"

"म्हणून काय झालं? शब्द आमचा आहे."

"अहो, पण मी म्हणू काय?" बायकोने विचारलं. दोघींनी एकाच वेळी दोन वेगळी उत्तरं दिली आणि मग त्या आपापसात सुरू झाल्या. बायको त्यांच्यामधे बसली, आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे बघत, ओठ हलवत, दोन्ही शब्द म्हणून बघत. मी माझा कप उचलला. चहा खरंच गार झाला होता.